एका दिवसाची मावशी

इंदापूरच्या महिपतरावाच्या डाळिंबाच्या शेडवर कामाला लागून मला एकोणीस दिवस झालं, तरी सरकारदरबारी माझं नावच न्हाय! नवीन माणूस घेतलं की दहा दिवसांत मालकानं त्याचं नाव सरकारी विम्यात ऑनलाइन घालायचं असतं. मग कार्ड मिळतं, दवाखाना फुकट होतो. माझा गुडघा जिना दिसला की रडतो, आणि ह्या बाबाला विचारलं की म्हणतो, "छबूबाई, आधी रुळ तर खरी."

मी काय नवा बैल हाय व्हय रुळायला?

त्या दिवशी विम्याच्या तपासणीच्या मॅडमची जीप फाटकात आली आणि महिपतरावाचं तोंड उतरलं. धावत आला, माझ्या हातातलं डाळिंब काढून घेतलं, मला खुर्चीत बसवलं. "आजच्या दिवस तू पाहुणी. माझी माळेगावची मावशी. तोंड उघडू नको."

मॅडमनं रजिस्टर बघितलं, बाया मोजल्या, मग माझ्याकडं बोट केलं. "या कोण?"

"मावशी हाय आमची. सहज आलीय."

मला असा राग आला म्हणता! कार्ड न्हाय ते न्हाय, वर मावशी. बरं, मावशी तर मावशी.

"म्हैप्या," मी म्हणलं, "मावशी आली आन् पाया पडायची रीत इसरलास व्हय रं?"

गपकन वाकला. शेडमधल्या बायांनी पदर तोंडात कोंबलं.

"चहा सांग. आलं घालून. आन् सूनबाईला बोलव, ओटी भरू दे."

त्याची बायको सोनम मागच्या घरातून आली. पोरगी हुशार! एका नजरेत समदं ओळखलं आणि घडीही न मोडलेली मोरपंखी साडी आणून माझ्या ओटीत घातली. महिपतराव त्या साडीकडं बघतच राहिला. सासूसाठी आणलेली होती म्हणं.

मॅडमनी वही मिटली. निघाल्याच त्या! गेल्या की गेलं माझं कार्ड.

तेवढ्यात माल न्यायला बारामतीची गाडी आली आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला. निम्मी खोकी रिकामी. आतनं काळं पडलेलं डाळिंब वरनं ओळखावं ते मीच, बाकीच्या बाया माझ्याकडं बघत थांबलेल्या. महिपतराव माझ्या कानाशी आला. "ऊठ की गं."

"पाहुण्या कामाला हात लावत्यात व्हय?" मी मोठ्यानं म्हणलं आणि बशीत चहा ओतला.

हॉर्न पुन्हा वाजला. महिपतरावाचा तोल सुटला. "अगं एकोणीस दिवस रोज आठ-आठ तास करतीस, आजच काय धाड भरली तुला!"

मॅडमनी वही उघडली.

"रुजू तारीख?"

"आजची टाका," महिपतराव पुटपुटला.

"म्हैप्या! मावशीसमोर खोटं बोलतोस?"

खरी तारीख पडली. उशीर केल्याबद्दल मॅडमनी त्याला जे सुनावलं ते मी मन लावून ऐकलं. मग तिथंच त्यानं कॉम्प्युटरवर नाव घातलं आणि माझ्या मोबाइलवर विम्याचा नंबर आला. सोनमनं तो वाचून दाखवला. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

मी पदर खोचला, अर्ध्या तासात गाडी भरून दिली. जीप गेल्यावर महिपतराव हळूच आला.

"छबूबाई, ती साडी तेवढी..."

"ती तुमच्या मावशीला दिली हाय, मालक," मी म्हणलं. "कामगाराकडं काय मागताय?"