कल्लूरच्या बेटावरचा पाटा

धाराशिव जिल्ह्यात पाऊस नको म्हणणारं माणूस शोधून सापडायचं नाही. पण जळकोटच्या पलीकडं, हायवेला लागून वसवलेल्या नव्या कल्लुरात असं एक माणूस होतं. शिवकांता तिचं नाव. पोराच्या धाब्यावर सुनेच्या हाताखाली भाकऱ्या थापायची. निदान सुनेची तरी तशी समजूत होती. आभाळ भरून आलं की सगळं गाव हात जोडायचं आणि ही मनातल्या मनात ते ढग पुढं हाकलायची. बोलून दाखवायची सोय नव्हती, लोकांनी वेड्यात काढलं असतं.

कारण अगदी सरळ होतं. जुनं कल्लूर तलावात गेलं तेव्हा गावालगतचा उंच माळ तेवढा पाण्याबाहेर राहिला आणि त्याचं बेट झालं. माळावर कल्लेश्वराचं पुरातन देऊळ होतं आणि देवळामागं लिंगायतांचं स्मशान. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून मातीत बसवतात. तिथं शिवकांताची लेक होती. कागदोपत्री शिवप्रिया, घरात पुट्टी. कन्नडात पुट्टी म्हणजे चिमुरडी, आणि ती चिमुरडीच राहिली. गाव उठायच्या ऐन धांदलीत तापानं फणफणली आणि दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत गेली.

अर्धं गाव सामान बांधत होतं, खुणेचा दगड घडवायला माणूस मिळेना. तेव्हा तिच्या नवऱ्यानं, माणिकप्पानं, स्वयंपाकघरातला चटणी वाटायचा पाटा उचलला, खांद्यावर घेतला आणि माळावर नेऊन लेकीच्या उशाशी रोवला. चार बुटके पाय असलेला तो पाटा सासऱ्याला कधीकाळी नांगरताना शेतात सापडला होता. त्यानंतर शिवकांतानं घरात दुसरा पाटा येऊ दिला नाही. चटणी उखळात कुटली, पुढं सुनेनं मिक्सर आणला.

दुष्काळ पडला की तलाव आटायचा आणि वाळलेल्या चिखलातून माळापर्यंत वाट पडायची. गाव टँकरमागं धावत असताना ही दोघं नवराबायको लेकीकडं जायची. पाट्याला भस्म लावायची, बेलाचं पान आणि शेंगा-गूळ ठेवायची, थोडं बसायची. अशा आनंदाची लाज वाटते, पण आनंद व्हायचा तो व्हायचाच. मग एकामागून एक पावसाळे बरे झाले. तलाव काही आटेना. मासे धरणाऱ्यांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाते म्हटलं तर माणिकप्पा जाऊ देईना. "एक तिथं हाय. तू पाण्यात जा, म्हंजी मला दोन ठिकाणी जावं लागंल," म्हणायचा.

यंदा मात्र माणिकप्पानंच अंथरूण धरलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं. असं सांगतात त्याचा अर्थ काय, हे घरात सगळ्यांना कळलं होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं. एका सकाळी त्यानं शिवकांताला जवळ बसवून घेतलं.

"मला मातीत बसिवतील तवा," तो म्हणाला, "पुट्टीच्या उशाची मूठभर माती मांडीवर ठिवा. लई दिवस झाले लेकरू मांडीवर घिऊन."

शिवकांता कुठली माती आणणार? तलाव काठोकाठ भरलेला. ती रोज पाण्याकडं बघायची आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालायची.

अशात पोराच्या, सोमेशच्या धाब्यावर तुळजापूरहून फोन आला. स्वानंद सर म्हणून इतिहासाचे एक शिक्षक होते. सुट्टीच्या दिवशी हौशी लोकांना गोळा करून ते पडके किल्ले, बारवा आणि देवळं दाखवत फिरायचे. या वेळी त्यांची साहसी सहल कल्लूरच्या बेटावर निघाली होती. मोटारबोट ठरली होती. जेवण बेटावर पोचवायचं होतं, धपाटे, दही, शेंगाची चटणी आणि जमला तर हुरडा.

"वाढाया मी जाणार," शिवकांता म्हणाली.

सोमेश हसला. सून मोनिका म्हणाली, "आत्या, बोट हलते. तुमाला एसटीत मळमळतं." पण आतल्या खोलीतून माणिकप्पाचा आवाज आला, "जाऊ द्या तिला."

सहलीचे लोक तलावाच्या काठी जमले ते एव्हरेस्टला निघाल्यासारखे. गुडघ्यापर्यंतचे बूट, पाठीवर पिशव्या, गळ्यात शिट्ट्या. नारिंगी लाईफ जॅकेट घातल्यावर सगळे एकसारखे फुगीर दिसायला लागले आणि एकमेकांचे फोटो काढत सुटले. लोक मनानं वाईट नव्हते. शिवकांताच्या हातातला डबा त्यांनीच उचलून बोटीत ठेवला, तिलाही जॅकेट बांधलं. नऊवारीवर ते कसं दिसतं याचा ती विचारही करत नव्हती. कमरेच्या पिशवीत भस्म, बेल आणि शेंगा-गूळ आहे ना, हे ती पुन्हापुन्हा चाचपत होती.

मध्यावर वारा सुटला. पाणी उसळायला लागलं, इंजिन खोकलं आणि बंद पडलं. बोट आडवी झाली, एक लाट आत आली. बँकेत काम करणाऱ्या चारुशीला बाईंनी शिवकांताचा हात असा धरला की बांगडी पिचली.

"काकू, तुम्हाला भीती नाही वाटत?" त्यांनी विचारलं.

"कशाची? खाली आमचंच गाव हाय," शिवकांता म्हणाली. "ह्या बोटीखाली बसवेश्वराचा कट्टा आसंल."

बाईंनी खाली बघितलं आणि हात आणखी घट्ट धरला. बोटवाल्यानं दोन-चारदा दोरी ओढल्यावर इंजिन सुरू झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढं काठावरच्या वेड्या बाभळीत दोघांचे सदरे फाटले, एकजण घसरून गुडघा फोडून घेता झाला. एवढं साहस झाल्यावर मंडळी खुशीत आली.

देवळाशी पोचल्यावर स्वानंद सर बोलायला लागले. चांगले बोलायचे. पडक्या खांबावरून हात फिरवत त्यांनी ज्या राजांची नावं घेतली, ती शिवकांतानं कधी ऐकली नव्हती. उंबऱ्यापाशी जुन्या कन्नडातली अक्षरं होती, ती त्यांनी अडखळत वाचून दाखवली. लोक माना डोलवत होते. तिनं डबा सावलीत ठेवला, पिशवी घट्ट धरली आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून देवळामागं गेली.

देवळामागं काहीच नव्हतं.

आधी तिला वाटलं, चुकीच्या अंगाला आलो. ती वळसा घालून परत आली. माळ तोच, पण तरवडाची झुडपं गेली होती, दगड गेले होते, चौथरे गेले होते. झाडून काढलेल्या अंगणासारखी जमीन, तिच्यावर नवं गवत. ती चालत राहिली. कोपऱ्यात सासू होती, तिथून चार पावलांवर दीर, त्याच्या पायाशी पुट्टी. पण कोपराच कुठं उरला नव्हता. पाण्यानं माळाची एक कड खाल्ली होती, त्यामुळं कशापासून मोजायचं तेही कळेना. ती मटकन खाली बसली. आपण कुणाच्या तरी अंगावर बसलोय की काय, या भीतीनं लगेच उठली.

पुढच्या अंगणात हशा झाला. ती तिकडं गेली. देवळाच्या उजव्या बाजूला दगडांची रांग मांडली होती. घोड्यावरचे वीर कोरलेल्या वीरगळी पुढं, मग तुटक्या मूर्ती, मग साधे दगड. सगळ्यांना पांढऱ्या रंगानं आकडे टाकले होते. शेवटाकडं चार बुटक्या पायांचा पाटा होता. कॉलेजातली जाई नावाची मुलगी त्याच्यापुढं उकिडवी बसून चटणी वाटायचा आव आणत होती आणि मैत्रीण फोटो काढत होती.

"मागच्या उन्हाळ्यात आमच्या पोरांनी इथं स्वच्छता मोहीम केली," स्वानंद सर सांगत होते. "हे सगळं देवळामागं झुडपात बेवारस पडलं होतं. हा पाटा बघा. तेरच्या उत्खननात अशाच पायांचे पाटे मिळालेत. दोन हजार वर्षांपूर्वी कुठल्यातरी बाईनं यावर वाटण वाटलं असेल. तिचं नाव कुणाला माहीत नाही, पण तिचा पाटा आपल्यापुढं आहे."

"ह्यो माझा हाय," शिवकांता म्हणाली.

दोघं-तिघं हसले. म्हातारी गंमत करतेय असं त्यांना वाटलं. शिवकांता पुढं झाली आणि पाट्याच्या खोलगट भागावर हात ठेवला. तो भाग किती गुळगुळीत आहे हे तिच्या हाताला पाठ होतं. मग ती रडायला लागली.

तिनं सांगितलं ते तुटक होतं, पण सगळ्यांना कळलं. जाई उठून उभी राहिली आणि मोबाईल मागं लपवला. स्वानंद सर पाट्यापासून मागं सरकले. गृहस्थ लबाड असता तर निभावून नेलं असतं. तो प्रामाणिक होता, म्हणून पार कोसळला.

"काकू, चौथऱ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. आम्हाला वाटलं, देवळाचेच पडलेले दगड."

"इचारायचं की कुणाला तरी," शिवकांता म्हणाली. तिचा आवाज चढला. "गाव बुडालं म्हून मान्सं बी मेली व्हय? त्या रस्त्यावर आमी जिते हाव. येता-जाता आमच्या धाब्यावर चहा पिऊन जाता तुमी."

दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईची आठवण काढणाऱ्या माणसाला हायवेवरची बाई दिसली नव्हती. ते त्याचं त्यालाही समजलं असावं, कारण तो मान खाली घालून उभा राहिला.

"पाटा परत ठेवतो," शेवटी तो म्हणाला. "आत्ता ठेवतो. तुम्ही जागा दाखवा."

त्यानं आणि आणखी एकानं पाटा उचलला. शिवकांता पुढं, पाट्यासकट ते दोघं मागं आणि त्यांच्यामागं सगळी सहल, अशी ती वरात देवळामागं गेली. एका ठिकाणी ती थांबली. "इथं?" सरांनी विचारलं. ती पुढं गेली. पुन्हा थांबली. पाटा जड होता, दोघांच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या, पण खाली ठेवत नव्हते. सर आठवायचा प्रयत्न करत होते. पोरं बरीच होती, दगड कुणी कुठून उचलला याची नोंद नव्हती. एकदा म्हणाले पाण्याच्या बाजूनं, एकदा म्हणाले देवळाच्या.

"ठिवू नगा," शिवकांता म्हणाली.

"काकू, अंदाजानं तरी..."

"अंदाजानं कसं? इथं समद्यांची लेकरं हायती. दुसऱ्याच्या लेकराच्या उरावर ठिवाल."

सरांच्या हातातून पाटा निसटायला लागला, त्यांनी तो कसाबसा गवतावर टेकवला आणि तिथंच बसून ओंजळीत तोंड घातलं. शिवकांताला त्यांचा राग आला होता. तो अजून होता, पण आता त्याचा उपयोग नव्हता. "उठा सर," ती म्हणाली. "न्हिऊन ठिवा पुन्हा देवळापाशी. तो आकडा तेवढा पुसा."

मग ती एकटीच माळाच्या टोकापर्यंत गेली. पिशवीतलं भस्म तिनं वाऱ्यावर सोडलं. बेल आणि शेंगा-गूळ कुठं ठेवावं ते न कळून सगळीकडं थोडं-थोडं ठेवत आली. "पुट्टी," तिनं हाक मारली. आपण हाक मारल्यावर लेकरू कुठूनसं ओ देईल अशी वेडी आशा तिला एवढ्या वर्षांनी वाटली, आणि ती आशा वाटल्याचंच तिला जास्त रडू आलं. जिथं रडू आलं तिथली मूठभर माती तिनं पदराच्या टोकाला बांधली. ती पुट्टीचीच असेल याला काही आधार नव्हता.

जेवण तिनंच वाढलं. धपाटे गार झाले होते. कुणी फारसं खाल्लं नाही. परतीच्या बोटीत कुणी फोटो काढले नाहीत. चारुशीला बाईंनी पुन्हा तिचा हात धरला, पण या वेळी भीती नव्हती.

घरी आली तेव्हा उन्हं उतरली होती. माणिकप्पा उशीला टेकून बसलेला, डोळे दाराकडं. तिनं काही बोलायच्या आत तो म्हणाला, "भेटली?"

सगळं खरं सांगायचं असं तिनं बोटीत ठरवलं होतं. चाळीस वर्षं ती या माणसाशी खोटं बोलली नव्हती.

"भेटली," ती म्हणाली.

"पाटा हाय का जागेवर?"

"हाय की. कुठं जातो त्यो."

तिनं पदराची गाठ सोडली आणि माती त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती नाकाशी नेली, मग सावकाश मांडीवर घेतली, आणि दुसरा हात मातीवर असा ठेवला, जसा निजलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात. त्यानं डोळे मिटले आणि त्याचा चेहरा सैल पडला. एवढा निवांत तो दुखणं आल्यापासून दिसला नव्हता. आपण केलं ते बरोबर केलं, असं तिला वाटलं. जागा हरवली हे आता घरात फक्त तिलाच माहीत होतं आणि माणिकप्पा गेल्यावरही तिलाच माहीत राहणार होतं. कुणाजवळ बोलायचं? जो एक माणूस हे दुःख समजला असता, त्यालाच तिनं त्यातून मोकळं करून टाकलं होतं.

दिवेलागणीला त्यानं डोळे उघडले.

"एवढीच आणलीस?" तो म्हणाला. "तुला नगं का? उद्या तुला बी लागंल."

"आणलीया की," शिवकांता म्हणाली. "माझी डब्यात ठिवलीया."

"बरं केलंस," म्हणून त्यानं पुन्हा डोळे मिटले.

धपाट्यांचा डबा घासून स्वच्छ करून मोनिकानं ओट्यावर पालथा घातला होता.