माझं इंजिन उतरवण्याआधी

मी लाल रंगाची, दोनच माणसांना जागा देणारी, शर्यतीच्या जातीची जुनी मोटार बोलतेय. वय पंचावन्न. या वयात मला घेणाऱ्याच्या अकलेबद्दल शंका होती, पण तो दातांचा डॉक्टर निघाला. शिकलेला माणूस म्हणून मी निर्धास्त झाले. तीच माझी चूक.

डॉक्टरांना मी कॉलेजच्या वयापासून हवी होते. हाती लागले तोवर त्यांचे केस गेले होते; उघड्या गाडीत वाऱ्यावर केस उडवण्याची हौस तेवढी शिल्लक होती.

पहिल्याच रविवारी त्यांनी मला पुसायला घेतलं. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला सुईच्या नेढ्याएवढं भोक त्यांना दिसलं. भोक दिसलं की बुजवायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. दवाखान्यातलं सिमेंट आणून त्यांनी ते बेमालूम भरलं. ते माझं श्वासाचं भोक होतं. पेट्रोल खर्च होतं तेवढी हवा टाकीत यावी लागते. ती आली नाही की पेट्रोल अडतं.

तेव्हापासून मी चार किलोमीटर झोकात जायचे आणि आचके देत थांबायचे. अर्धा तास उभी राहिले की कुठून तरी हवा झिरपायची आणि मी पुन्हा सुरू व्हायचे. या अर्ध्या तासाने अनेकांना विद्वान केलं.

डॉक्टरांच्या मेहुण्यांनी प्लग काढले, रुमालाने पुसले, परत बसवले. तोवर अर्धा तास झाला होता. मी सुरू झाले. मेहुणे दोन दिवस कॉलर ताठ करून फिरले. शेजारच्या मुख्याध्यापकांनी कधी सायकलही चालवली नव्हती, पण पेट्रोलात पाणी असल्याचं त्यांनी ठामपणे सांगितलं आणि चौघांकडून मला गदागदा हलवून घेतलं. मी सुरू झाले. डॉक्टर हे सगळं रुग्णांना सांगत. तोंडं उघडी असल्याने कोणी वाद घालत नसे.

शेवटी मिस्त्री आले. डोळे मिटून, कान लावून म्हणाले, "इंजिन उतरवावं लागेल. सोमवारी आणा." त्यांनी पूर्वी उतरवलेलं एक इंजिन मी पाहिलं होतं. ते चार टोपल्यांत होतं आणि त्या गाडीच्या सीटवर मांजर व्यायली होती. मला घाम फुटला. मिस्त्रींनी त्याला तेलगळती म्हटलं.

रविवारी डॉक्टर मला शेवटचं फिरवायला निघाले. बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पहिल्यांदाच सोबत होत्या. चौथ्या किलोमीटरला मी थांबले. डॉक्टर बॉनेटमध्ये शिरले. पेट्रोल संपलं असेल म्हणून बाईंनी झाकण फिरवलं, तर आत लांबलचक सुस्कारा. त्यांनी झाकण उजेडात धरलं.

"अहो, तेलाच्या डब्याला मी भोकं किती पाडते?"

"मला काय माहीत?"

"दोन. एकाने तेल येत नाही, हवा लागते. इथलं एकुलतं एक कोणी बुजवलं?"

डॉक्टरांनी झाकण हातात घेतलं. आपलं काम त्यांनी ओळखलं.

"भरलंय मात्र छान," ते म्हणाले.

दवाखान्यातल्या यंत्राने त्यांनी ते पुन्हा कोरलं. संध्याकाळी मी चाळीस किलोमीटर न थांबता गेले. सोमवारी मिस्त्री म्हणाले, आपल्याला झाकणाचाच संशय होता. हल्ली डॉक्टर रुग्णांना सांगतात की दोष त्यांनीच शोधला. बाईंची त्याला हरकत नाही. माझीही हरकत नाही. इंजिन जागेवर आहे.

फक्त एवढीच विनंती. तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी आली आणि अडू लागली, तर पाना-पक्कड हातात घेण्याआधी आठवून पाहा: तुमच्या दारापर्यंत ती स्वतः चालत आली होती. त्यानंतर तुम्ही तिचं काय काय भलं केलंत, ते आधी तपासा.