चव्वेचाळीस नंबरचे हेल्मेट

मित्रांनो, माझ्यावरचे ओरखडे पाहूनच तुम्ही ओळखाल की मी काही आज दुकानातून आलेले नाही. अमेरिकेत, अलाबामातल्या एका कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचे, म्हणजे एकमेकांना धडकायच्या खेळाचे, चार हंगाम मी ट्रेमेल ग्रेडीच्या डोक्यावर काढले. बाहेरून टणक प्लास्टिक, आतून फोमच्या गाद्या, तोंडापुढे धातूची जाळी. वजन दोन किलोला थोडे कमी. धडक बसली की तिचा जोर मी पसरवते. सगळा मात्र मला गिळता येत नाही. उरलेला ट्रेमेलच्या डोक्यात जाई.

इथे चांगल्या धडकेला तारा मिळतो. दर सोमवारी कोच माझ्यावर तो चिकटवत. सत्तावीस तारे झाले, तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! कॉलेजच्या दुकानात ट्रेमेलच्या नंबरचे शर्ट साठ डॉलरला हातोहात खपत. त्यातला एक सेंटही घ्यायची त्याला मनाई होती.

"काका, सगळा गाव माझा नंबर घालून फिरतो, आणि मी रात्री पाणी पिऊन झोपतो," तो वेंडेलकाकांना म्हणे. खेळाचे सामान तेच सांभाळत.

"फुकट शिकवतात ना रे तुला?"

"शिकवतात हो. पण सरावातून वर्गात जायला सोडतात कधी?"

काका मला पुसून ठेवत. खुंटीवर मला चैन पडेना.

शेवटच्या वर्षाची मुले आपल्या शेवटच्या सामन्याला आईचा हात धरून मैदानात येतात. ट्रेमेलची आई लोरीन दूर समुद्रकाठी कोलंबी सोलायच्या कारखान्यात होती. चार वर्षांत तिला एकदाही येणे जमले नव्हते. या वेळी कॉलेजच्या गावातल्या न्हाव्याने, संघाचा चाहता असलेल्या रूफस मॉसने, तिच्या बसचे तिकीट काढून दिले. आनंदाच्या भरात ट्रेमेलने ते साऱ्या संघाला सांगितले. यात काही चुकले, हे त्याच्या मनातही आले नाही. पण खेळाडूने किंवा त्याच्या घरच्यांनी चाहत्याकडून काहीही घ्यायचे नाही, असा नियम होता. बुधवारी कोचांनी त्याला सामन्यातून काढले.

"आईचं तिकीट होतं ते, कोच!"

"नियम म्हणजे नियम, पोरा."

शनिवारी निळी टोपी घालून लोरीन आली. ट्रेमेल साध्या कपड्यांत कुंपणाबाहेर उभा होता. वेंडेलकाकांनी मला तिच्या हातात ठेवले. "बंदी पोरावर आहे, ताई. तुमच्यावर नाही."

"आई, नको जाऊस. लोक हसतील."

"हसू देत. सात तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून मी काय कुंपण बघायला आले?"

ती मला छातीशी धरून एकटीच चालू लागली. चव्वेचाळीस नंबरचे हजारो शर्ट आधी ओरडले, मग तिच्या शेजारी कोणी नाही हे पाहून गप्प झाले. थेट कोचांपुढे जाऊन तिने मला त्यांच्या हातात दिले.

"हे तुमचं. मोजून घ्या, तारे सगळे आहेत. पोरगा माझा, त्याला मी नेते."

मला कुठे ठेवावे, ते कोचांना सुचेना. ते तसेच उभे राहिले, आणि मी त्यांच्या हातात रिकामे.

मित्रांनो, खेळ जरूर बघा, टाळ्याही वाजवा. फक्त हेल्मेटच्या आत एक डोके असते, हे विसरू नका. त्याला भूक लागते, ते दुखते, आणि त्याला एक आई असते.