आप्पाची मस्टँग, माझी इव्हो

आधीच सांगून ठेवतो, आमच्या दोघांपैकी कुणाकडेही मस्टँग नाही आणि इव्होही नाही. आप्पासाहेबाकडे ट्रॅक्टर आणि एक खिळखिळी जीप आहे, माझ्याकडे स्कूटर. तरीही गेली नऊ वर्षं सांगवीतल्या कालव्याच्या चारीवरच्या मोरीवर बसून आम्ही ह्या दोन गाड्यांवरून भांडत आलो. मी कधी माघार घेतली नाही. एकतीस वर्षं एस.टी.त मेकॅनिक होतो, साहेबांनाही तोंडावर बोलायचो, तर आप्पाला कशाला सोडतो?

सुरुवात आप्पानं केली. मी निवृत्त झालो तेव्हा मुलानं मला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला होता. त्यावर एका संध्याकाळी मस्टँग दिसली. लाल, लांब नाकाची, दोनच दारांची. आप्पा उसाला पाणी देऊन आला होता, पाय चिखलानं भरलेले. तो फोन सोडेना.

“श्रीपती, ही अमेरिकेतल्या राजेलोकांची गाडी आसंल, न्हाय?”

“न्हाय रं. तितं कारखान्यातला फिटरबी घेतो म्हणं. परवडती त्यांला.”

हे ऐकून तर त्याला वेडच लागलं. आठ सिलिंडर, पाच लिटरचं इंजिन आणि ते एका फिटरच्या दारात उभं! आपल्याकडे तिची किंमत ऐकली की घाम फुटतो, पण आप्पाला त्याचं काही नव्हतं. कुठंतरी साधा माणूस एवढी मोठी गाडी चालवतो, ह्यातच त्याला आनंद होता.

मग मी दुसऱ्या दिवशी इव्हो शोधून काढली. लान्सर गाडी तुम्ही पाहिली असेल, इव्हो तिचीच तापट बहीण. जपानी, चार दारं, चार सिलिंडर, इंजिन दोनच लिटरचं, पण टर्बो बसवलेलं आणि ताकद चारही चाकांना वाटलेली. डिकीवरचा उंच पंख, म्हणजे स्पॉयलर, सोडला, तर कुणी कारकून पोरांना शाळेत सोडायला निघालाय असं वाटावं. आणि रस्ता वळला की भल्याभल्यांना मागं टाकणार. अशी गाडी मला का आवडते, हे आप्पाला कधी विचारावं लागलं नाही. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या माणसाला लोक वरवर बघून कसं जोखतात, हे तो लहानपणापासून पाहत आला होता.

“मागच्या चाकाचा जोर त्यो खरा जोर,” आप्पा म्हणायचा. “ट्रॅक्टर बघ की.”

“आन् गेल्या साली फडात रुतला तवा? मागली चाकं जाग्याव गरागरा फिरत व्हती. शेवटी चारी चाकं वढणारा ट्रॅक्टर आणला तवा निघाला भाईर.”

“ती जमीन वल्ली व्हती.”

“मग रस्ता काय कायम कोरडा आसतो व्हय?”

“तुझ्या जपान्याला आवाज कुठंय? शिलाई मशीन नुसती!”

“आवाजावर गाडी चालती का? मग तू लाऊडस्पीकर घे.”

असं चालायचं. भांडून दमलो की दोघं डोळे मिटायचो. हा भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. डोळे मिटले की आप्पा त्याच्या गाडीत, मी माझ्या. बारामती मागं टाकायची आणि भिगवणचा रस्ता धरायचा. उसाच्या ट्रॉल्या आपोआप कडेला सरकायच्या, गतिरोधक विरघळून जायचे. आप्पा घशातून खोल आवाज काढायचा, आठ सिलिंडरचा. सरळ रस्ता आला की तो पुढं, वळण आलं की मी पुढं. कुणी काही बोलायचं नाही, तरी कोण कुठं पोचलंय हे दोघांना बरोबर कळायचं. भिगवण ओलांडून डाळज आलं की उजनीचं पाणी दिसायचं, धुक्यात बुडालेलं. उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे असायचे. तिथं आम्ही गाड्या बंद करायचो आणि नुसते बघत बसायचो. कधीकधी मला खरोखर तापलेल्या टायरचा वास यायचा. डोळे उघडले की चारीतलं पाणी वाहत असायचं आणि पाय जमिनीवर नसल्यासारखे हलके वाटायचे.

गेल्या भाद्रपदात आप्पाला झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. जीव वाचला, पाय हळूहळू थोडा हलू लागला. बोलणं मात्र आलं नाही. सुरुवातीला ओठ हलवायचा, मग तेही बंद केलं.

बारामतीत बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या अंजलीताई आहेत. त्यांनी मला आणि जयवंतावहिनींना, म्हणजे आप्पाच्या बायकोला, समोर बसवून सांगितलं, “त्यांना सगळं कळतंय. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट सापडत नाही. ती धडपड त्यांनीच करायला हवी आणि ते धडपडच करत नाहीत. हे पहिले महिने फार मोलाचे आहेत. असेच गेले तर पुढं अवघड होईल. त्यांना बोलावंसं वाटेल असं काहीतरी करा.”

आता काय करणार? आमच्याकडे आजारी माणसाला उलटं बोलत नाहीत. भेटायला येणारा प्रत्येक जण मोसंब्यांची पिशवी टेकवायचा, कॉटवर बसायचा आणि आप्पा काही बोललेलाच नसताना “व्हय आप्पा, बराबर हाय आप्पा” म्हणायचा. वहिनींनी मला तर हात जोडून सांगितलं होतं, “भावजी, आता भांडू नका. त्यांच्या डोक्याला ताण नगं.”

म्हणून मीही गोड बोलू लागलो. रोज संध्याकाळी जायचो आणि म्हणायचो, “आप्पा, तुझीच मस्टँग भारी बाबा. इव्होत काय राम न्हाय.” माझ्या तोंडून हे निघताना जीव तुटायचा. आप्पा भिंतीकडे तोंड करायचा. मी समजायचो, दमला असेल. चार महिने मी त्याच्याशी असं खोटं बोललो आणि ह्यालाच माया म्हणत राहिलो.

आप्पाचा पुतण्या युवराज पुण्यात महागड्या गाड्या घासून-पुसून चकचकीत करून देतो. जानेवारीत त्याचा फोन आला. त्याच्याकडे गाड्या देणारं एक जोडपं होतं, श्रेया आणि अविराज. नवऱ्याची मस्टँग, बायकोची इव्हो. दोघं रविवारी पक्षी बघायला भिगवणला येणार होते आणि युवराजच्या शब्दाखातर डाळजपर्यंत यायला तयार झाले होते. मी रात्रभर झोपलो नाही, हे कबूल करतो. अंजलीताईंनी सांगितलेलं ‘काहीतरी’ हेच असणार, असं माझ्या मनानं घेतलं.

रविवारी सकाळी आप्पाला जीपमध्ये बसवून आम्ही डाळजला गेलो. जीप युवराज चालवत होता, वहिनी मागं आप्पाला धरून. हायवेच्या कडेच्या हॉटेलासमोर खुर्ची टाकून आप्पाला बसवलं. धुकं होतं. पाणी दिसत नव्हतं, पण तिकडून गार वारा येत होता. मग त्या धुक्यातून दोन गाड्या आल्या, पुढं पांढरी इव्हो आणि मागं लाल मस्टँग. मी जागा आहे की डोळे मिटून बसलोय, क्षणभर कळेना. वहिनींनी पदर तोंडाला लावला. आप्पा बघत होता, चेहऱ्यावर मात्र काही नाही.

श्रेयानं मला इव्होत बसवून सर्व्हिस रोडनं एक फेरी मारली. काय सांगू! नऊ वर्षं मी जे जे म्हणत होतो, ते सगळं खरं निघालं. वळणावर गाडी रस्त्याला चिकटून राहिली, पोटातलं पाणी हललं नाही. उतरलो तेव्हा मी दोन इंच उंच झालो होतो.

आप्पाला मात्र मस्टँगमध्ये बसवता येईना. गाडी फार खाली आणि त्याचा पाय वाकेना. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तो कळवळला. अविराज बिचारा ओशाळून उभा राहिला. आप्पानं मान खाली घातली. एवढ्या लांब आणून मी त्याला काय दाखवलं होतं? त्याला न जमणारी आणखी एक गोष्ट.

मी जीपमधला लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. “बॉनेट उघडा आन् इंजिन चालू करा,” अविराजला म्हणालो. आम्हा जुन्या मेकॅनिकांची ही रीत आहे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. बाहेरचा सगळा गलका जातो आणि इंजिन माणसाच्या डोक्यात बोलू लागतं. आप्पाची खुर्ची गाडीच्या तोंडाशी लावली, फिरत्या पट्ट्यापासून बाजूला टोक धरलं आणि मूठ त्याच्या कानामागं लावली.

आप्पानं डोळे मिटले. डावा पाय हळूच पुढं दाबला गेला. तो निघाला होता. कुठवर गेला माहीत नाही, पण बराच वेळ गेला. ट्रक जात होते, धुकं पातळ होत होतं.

मग मी मूठ माझ्या कानाला लावली. हजारो इंजिनं ऐकली आहेत मी. सगळी कण्हणारी, ओझ्याखालची. हे तसं नव्हतं. आठही सिलिंडर एका लयीत, कसलीही घाई नाही, मोठ्या नदीनं रात्री वाहावं तसं. माझे डोळे उघडे होते तरी मला रस्ता दिसला, लांबच लांब, रिकामा. आणि मला रडू फुटलं. मी म्हणालो, “आप्पा, हरलो मी. तुझी मस्टँगच भारी हाय.”

आप्पानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. असं रागानं त्यानं भाद्रपदापासून कुणाकडं पाहिलं नव्हतं. जबडा हलला. मानेची शीर ताठ झाली. वहिनी धावल्या, मी त्यांना हातानं थांबवलं.

“खो,” तो म्हणाला. पुन्हा दम घेतला. “खोटं.”

वहिनी रडता रडता हसू लागल्या आणि मग माझ्यावरच उखडल्या, “चार म्हयनं उशाशी मी बसले, आन् पयला शबूद ह्या भांडखोराला?”

“आप्पा, आईशप्पथ खरं बोलतोय,” मी म्हणालो.

“खोटं!” ह्या खेपेला अधिक स्पष्ट.

तेव्हा मला सगळं कळलं. चार महिने त्याला माझं प्रत्येक खोटं ओळखू येत होतं आणि त्यानं ते मुकाट्यानं सोसलं होतं. आज पहिल्यांदा मी खरं बोललो होतो, पण जुन्याच शब्दांत, आणि तेच त्याला सोसवलं नव्हतं. आता मी त्याला पटवून दिलं, तर भांडणच संपणार होतं आणि तो पुन्हा भिंतीकडे तोंड करणार होता.

मी डोळे पुसले. “बरं बाबा, खोटं तर खोटं,” मी ओरडलो. “डबडं हाय तुझं ते! मागली दोन चाकं फिरवायची आन् वळणावर उसात जायचं. माझी इव्होच खरी!”

आप्पाचा डावा हात माझ्या अंगावर उठला. तोंड शब्द शोधू लागलं. मी वाट बघत उभा राहिलो, त्याला शब्द पुरवला नाही.

आता आप्पाकडे चाळीसेक शब्द झालेत, त्यातले निम्मे मला शिव्या द्यायचे. अंजलीताई खूश आहेत. मी रोज संध्याकाळी जातो आणि इव्होच्या बाजूनं तावातावानं भांडतो. माझं मन त्या सकाळीच मस्टँगकडे गेलं, हे मात्र मला त्याला मरेपर्यंत सांगता येणार नाही.