भिंत सोडून पाच वाक्यं

दृश्य १. स्वयंपाकघर. सकाळ. बाई चहा गाळते. कप ओट्यावर ठेवते. कप तसाच.

फलाट क्रमांक दोन. फलाट क्रमांक दोन. (नेहमी दोनदा.)

स्टेलाचं दप्तर निळं की खाकी? फोन करून विचारणे.

दोन ताटं. एकावर दुसरं पालथं.

सहावं वाक्य आलं की फिल्म बाद.

"भिंतीशी बोललेलं धरायचं का?"

शलमोन मकासरेंनी हे विचारलं तेव्हा अंजुम त्यांच्याच दाराच्या पायरीवर बसून, त्यांच्याच वहीतली वाक्यं लाल पेनाने खोडत होती. शेजारच्या चांदभाईंची ही मुलगी मोबाईलवर छोट्या फिल्मा करायची. नगरला स्पर्धा होती. पंधरा मिनिटांची फिल्म, आणि त्यात बोललेली वाक्यं पाचच.

"भिंतीशी कोण बोलतं, काका?"

"आम्ही बोलायचो. अबोला होता ना."

अंजुमने पेनाचं टोपण चावलं. ही फिल्म मुळात त्या अबोल्याचीच होती. ईदच्या दिवशी शीरखुर्मा खाता खाता मकासरेंनी तो किस्सा सांगितला होता, वीस-बावीस वर्षांपूर्वीचा. बायकोशी, दयाशी, अकरा दिवस अबोला. बाराव्या दिवशी ती माहेरी कोपरगावला निघाली. ते स्टँडवर कंट्रोलर, हातात माईक. तिच्या गाडीची घोषणा त्यांनीच केली. अंजुम तेव्हा म्हणाली होती, काका, ही तर तयार फिल्म आहे, लिहून काढा. त्यांना वाटलं, अबोल्याची गोष्ट म्हणजे संवाद कमीच. सोपं जाईल.

पहिल्या खर्ड्यात एकशे चाळीस वाक्यं निघाली.

दृश्य २. स्वयंपाकघर.
बाई (मुलीला): पप्पांना सांग, चहा ठेवलाय.
मुलगी (बापाला): चहा ठेवलाय.
बाप (मुलीला): मम्मीला सांग, साखर कमी आहे.

"हे उडवू," अंजुम म्हणाली. "चहा दिसतोय ना? मग सांगायचा कशाला?"

"सांगितल्याशिवाय घेता येत नाही तो."

"म्हणजे?"

"समोर असला तरी. अबोल्यात कुणीतरी सांगावं लागतं. स्टेला शाळेत गेली की दया भिंतीला सांगायची. 'भाकरी झाली, ज्याला खायची त्यानं खावी.' मग मी खायचो."

"आणि तुम्ही कुणाला सांगायचात?"

"मी कॅलेंडरला."

अंजुम हसली. मग न हसता तिने वहीच्या समासात लिहिलं, भिंत, कॅलेंडर. पुढे प्रश्नचिन्ह. "म्हणजे अबोल्यात तुम्ही जास्तच बोलत होता."

"तेच तर मला कळेना झालंय," मकासरे म्हणाले. "गप्प माणसं दाखवायची तर इतकं बोलणं का निघतंय?"

रात्रभर नाही, पण दुपारभर ते याचाच विचार करत. दया वारून दोन वर्षं झाली होती. तिचं बोलणं आठवायला बसलं की भिंतीला सांगितलेलंच आठवे. थेट त्यांना उद्देशून म्हटलेलं एकही वाक्य धड सापडेना. स्टँडवरच्या घोषणा मात्र सगळ्या पाठ.

स्टेलाला फोन लावला. ती नाशिकला नर्स.

"दप्तर निळं होतं, पप्पा. आणि भांडण साखरेवरून नव्हतं."

"साखरेवरूनच. मी लिहिलंय तसं."

"मम्मीला चर्चच्या कॉयरमध्ये गायला जायचं होतं. तुम्ही म्हणालात, तुझा कसला आवाज."

"मी?"

"मग कोण, कॅलेंडर?" स्टेला म्हणाली. "ड्युटी आहे, ठेवते."

त्यांनी वहीत लिहिलं, तुझा कसला आवाज. मोजलं. वाक्य एक. बराच वेळ ते त्या ओळीकडे बघत राहिले. अक्षर त्यांचं होतं. वाक्य ओळखीचं वाटेना.

चौथा खर्डा. वाक्यं पाच. चार घरातली. पाचवं स्टँडवरचं.

दृश्य ९. बसस्टँड. बाई खिडकीशी बसलेली. लाउडस्पीकरवर नवऱ्याचा आवाज.
आवाज: कोपरगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे, आणि कोपरगावहून परतीची शेवटची गाडी पावणेसहाला आहे.

"हे वाक्य म्हणून मोजू नका," अंजुम म्हणाली. "मागचा आवाज आहे. गर्दीत विरून जाईल."

"नाही. हे धर."

"काका, अनाउन्समेंट आहे ही."

"परतीची वेळ आम्ही कधीच सांगत नसू. ती तिकडच्या स्टँडची. सव्वीस वर्षांत एकदाच सांगितली मी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "गाडीत चाळीस माणसं होती. मी एकीलाच सांगितलं."

अंजुमने पेन वहीत ठेवलं. "मग ती आली?"

"दोन वाजता ड्युटी संपली. घरी येऊन पिठलं केलं. ताटं वाढली." त्यांनी वही मिटली. "तीन महिन्यांनी आली. जूनमध्ये स्टेलाची शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा."

"त्या दिवशी का नाही आली?"

"कोण विचारणार?"

"तुम्ही!"

"अबोला मोडल्यावर अबोल्यातलं काढायचं नसतं." मग खाली बघत, "ऐकलंच नसेल. नाहीतर ऐकून आली नसेल. शेवट कोणता लिहू ते सांग. दोन्ही लिहून ठेवलेत."

 अंजुमने शेवट बाजूला ठेवून आधी स्टँडवर जाऊन आवाज रेकॉर्ड करायचं ठरवलं.

स्टँडवर आता कंट्रोलर गोरक्ष होता. पूर्वी कोपरगावच्या गाड्यांवर कंडक्टर. मकासरेंना बघून तो खुर्चीवरून उठला.

"या साहेब! आता काय, समदं मशीनच बोलतंय. तुमच्यावानी आवाज न्हाई राह्यला. घ्या, माईक चालू हाय. दोन मिनटं, गाडी यायच्या आत उरका."

अंजुमने मोबाईल धरला. मकासरेंनी माईक तोंडाजवळ घेतला. 

"कोपरगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे, आणि कोपरगावहून परतीची शेवटची गाडी पावणेसहाला आहे."

बाहेर दोन-चार माणसांनी माना वर केल्या. गोरक्ष मोठ्याने हसला.

"पावणेसहा कुठून काढली, साहेब?"

"तेव्हाची आहे. दोन हजार तीन. मार्च महिना."

"तवाची बी न्हाई. एक मार्चपासून सव्वापाच केल्ती की तिकडच्यांनी. म्या सोताच हुतो त्या गाडीवर. पैल्या म्हैन्यात लई लोकं चुकायची. मागनं पळत यायची, शिव्या घालायची. तुमाला म्हाईत न्हवतं?"

मकासरेंनी माईक खाली ठेवला नाही. तो तसाच तोंडासमोर राहिला, आणि त्यांचा श्वास साऱ्या स्टँडभर ऐकू येत राहिला. अंजुमने रेकॉर्डिंग थांबवलं नाही.

"काका?"

त्यांनी माईकवर दोन बोटांनी टकटक केली, पूर्वी करायचे तशी.

"परतीची शेवटची गाडी सव्वापाचला आहे," ते म्हणाले. "सव्वापाचला आहे."

एक म्हातारी पिशवी सावरत खिडकीशी आली. "सव्वापाच म्हनला का ओ?"

"तुमाला न्हाई, आजी," गोरक्ष म्हणाला. "तुमची हितंच लागंल, बसा."

परत येताना अंजुम रिक्षात वही उघडून बसली होती. रस्त्याला खड्डे, पेन हलत होतं. "काका, तुम्ही दुसरं वाक्य बोललात. आता सहा झाली."

"दोनदा म्हणायची पद्धत आहे."

"दोनदा म्हटलेलं एकच धरलं, तरी सहा."

मकासरे बाहेर बघत होते. रेल्वे फाटक बंद होतं, रिक्षा थांबली. इंजिनाच्या आवाजात त्यांनी काहीतरी म्हटलं, ते तिला ऐकू आलं नाही. तिने मान पुढे केली.

"पहिलं खोड," ते म्हणाले.

"पावणेसहाचं?"

"तुझा कसला आवाज, ते."

मार्चमधल्या त्या दिवशी साडेपाच वाजता दया कोपरगावच्या स्टँडवर परतीच्या गाडीसाठी येऊन बसली होती.