धाब्यावरचं पाणी

"आये, उगं कटकट लावू नको! धाबं पेलतंय! संक्रांतीपातुर हितंच कडबा रचला हुता का न्हाई? ह्या टाकीपरास ढीग मोठा हुता!" घराच्या सपाट धाब्यावरून कानिफनाथ आईवर खेकसला.

गोजरबाईनं टँकरची नळी वर लेकाकडं सरकवली. रिकामी टाकी लेकानं एकट्यानं खांद्यावर घालून वर नेली होती, म्हणून ती हलकीच वाटली. जामखेडच्या अंगाची ही वस्ती. पाण्याचा टँकर आठ दिवसांतून एकदा. खाली, त्याच मातीच्या धाब्याखाली, सून राजेश्वरी नऊ दिवसांचं लेकरू कुशीत घेऊन निजलेली. बारशापर्यंत तिनं उंबरा ओलांडायचा नाही, हे गोजरबाईनंच बजावलेलं.

"हजार लिटर झालं, मावशे," म्हणत टँकरवाल्या छगननं नळी गुंडाळली आणि तो पुढं गेला. कानिफनाथ शिडीनं खाली उतरला.

गोजरबाई आत आली, तर बाळाच्या दुपट्यावर मातीचा सडा. वर बघितलं. तुळई मधोमध वाकलेली, करकरत होती.

तिचा हंडा पंधरा लिटरचा. भरला की पंधरा किलो. चाळीस वर्षं तिच्या मानेनं तोललेला. म्हणजे वर सहासष्ट हंडे. दहा क्विंटल! कडब्यानं जागा अडवली होती, वजन दोन क्विंटलाच्या वर नव्हतं. आता मात्र बाजरीची दहा पोती लेकराच्या टाळूवर उभी होती.

"राजेश्वरी, ऊठ! भाईर हो!"

"आत्या, अजून सोयेर फिटलं न्हाई..."

"त्याचं पाप माझ्या माथी. चल!"

बाळ-बाळंतीण लिंबाखाली बसवली. कानिफनाथ टाकी उलथायला शिडीकडं धावला, तसा तिनं त्याचा सदरा धरला. "आनि तुजं वजन कुठं ठिवू? टाकीच्या पायपाची खालची तोटी सोड."

हंडे भरले, घागरी भरल्या, बादल्या, कढईसुद्धा. वीस हंड्यांचं पाणी झालं.

"तीन क्विंटल उतरलं," ती पुटपुटली. आतून परत करकर.

कानिफनाथनं तोटी बंद केली. "भांडी सपली, आये. मातीत न्हाई सोडायचं. आठ दिस हायती!"

तिनं त्याचा हात झटकला, तोटी सोडली आणि वस्तीकडं तोंड करून हाळी दिली. शेजारची लंकाबाई दोन घागरी घेऊन आली.

"आज लई उदार झालीस गं, गोजरे! परवा तांब्या मागितला तर तोंड फिरवलंस."

"ने गं बाई. तू नेशील तेवढं माझं घर हलकं."

बायांनी नेलं तेवढं नेलं. उरलेलं चिखलात गेलं, आणि दोघं मायलेक बघत राहिली.

दिवस कलला तेव्हा टाकी रिकामी झाली. तुळई राहिली, बोटभर चिरलेली. कानिफनाथ चिखलात उकिडवा बसला. "मानसं चार, वर दोन जनावरं. एवढ्यावर आठ दिस कसं काढायचं, आये?"

गोजरबाईनं कढईतलं पाणी पदरानं गाळलं, तांब्या भरून सुनेपुढं धरला.

"आत्या, घोटभरच द्या."

"पोटभर पी. तू पिलीस तर लेकराला दूध मिळंल. आमी बघतो आमचं."