ओठ जुळायचा महिना

माझ्या मुलानं, प्रभंजननं, स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या तोंडावर हातरुमाल टाकला. का, तर दुकानातले दोघे पेढे मागायला घरी आले होते. पोरगी पाळण्यात जागी, हातपाय उडवत होती, आणि हा खिशातला इस्त्रीचा रुमाल काढून तिच्या नाकाखाली पसरतो, ताटावर माशी बसू नये म्हणून झाकावं तसा. वर त्यांना सांगतो, "सर्दी झालीय तिला." मला अशी शिसारी आली! मी तो रुमाल दोन बोटांत धरून उचलला आणि त्यांच्यादेखत मोरीत टाकला. दोघे पेढे न खाताच गेले.

पोरीचा वरचा ओठ डाव्या बाजूला नाकापर्यंत उकललेला आहे. आत टाळूलाही फट. दूध घातलं की नाकातून परत येतं. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी मलाही बघवेना. पण बघवत नाही म्हणून आपलं लेकरू कोणी झाकून ठेवत नाही. तिला मांडीवर उभी धरायची, बोंडल्याची चोच गालाच्या बाजूनं आत घालायची आणि थेंब थेंब सोडायचं, हे मला जमलं. सून वेदश्री दूध काढून द्यायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

बघायला येणाऱ्या बायांचं तर विचारू नका. गल्लीतली तानूबाई आली, पाळण्यात वाकली, पदर नाकाला लावला आणि म्हणते, "ग्रहण पाळलं नव्हतं का गं हिनं?"

गेल्या दिवाळीत, पंचाण्णव साली, अमावास्येच्या सकाळी सूर्यग्रहण लागलं होतं. पोटुशीनं ग्रहणात चिरायचं नाही, शिवायचं नाही, तोडायचं नाही, नाहीतर पोटातल्याच्या अंगावर खूण उठते, असं आमच्याकडे सगळे मानतात. मी तर मानतेच. वेदश्रीला मी स्वतः देवघरात बसवलं होतं आणि विळी ट्रंकेत घालून किल्ली कमरेला लावली होती.

"माझ्या घरात ग्रहण पाळलं जातं तानूबाई," मी म्हटलं. "तुझ्या घरात आंघोळीची वेळसुद्धा पाळत नाहीत." ती उठून गेली. प्रभंजन दारात उभा राहून सगळं ऐकत होता, बायकोची बाजू घ्यायची सोडून चपला सरकवून दुकानात निघून गेला.

संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला. "आई, बारसं नको करायला. दोघींना मिरजेला पाठवू. ऑपरेशन होईपर्यंत तिथंच राहू देत. दुकानात लोक विचारतात."

दुर्गदबैलाच्या बाजारात आमचं खणांचं दुकान आहे. मी म्हटलं, "खण विकायला पोरीचा ओठ लागतो का रे?"

"तुला नाही कळायचं."

मला सगळं कळत होतं. मिरजेला वेदश्रीचे आईबाप नाहीत, भाऊ आणि भावजय आहेत. अशा घरी असं मूल घेऊन गेलेली बाई परत येत नाही. पहिले काही महिने हा पैसे पाठवील, मग दिवाळीला एकदा जाईल, मग तेही नाही. मी असल्या बाया पाहिल्यात. मी म्हटलं, "आधी डॉक्टरला दाखवायचं. मग बोलू."

धारवाडला असे ओठ शिवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत असं कळलं, म्हणून चौघं गेलो. बाई तरुण, कानडी, हसतमुख. पोरीच्या तोंडात बोट घालून टाळू चाचपली, तर पोरगी ते बोटच चोखायला लागली. बाई तिच्याशी गप्पा मारल्यासारखं बोलल्या आणि मग मला म्हणाल्या, "अज्जी, वजन छान धरलंय. कोण पाजतं?"

"मी पाजते. आणखी कोण?"

तेवढ्यात प्रभंजन पुढे सरकला. बी.एस्सी. झालेला मुलगा माझा, कॉलेजात बेडूक चिरून पदवी आणलेला. म्हणाला, "डॉक्टर, एक सांगायचं राहिलं. ग्रहणात हिनं दोरा तोडला होता. दातांनी. मी डोळ्यांनी पाहिलं."

मी सुनेकडे बघितलं. इतके दिवस ती भिंतीकडे बघत होती, आता सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "बटण तुमचं होतं."

मला काही समजेना. "कसलं बटण?"

"ह्यांना गच्चीवर जाऊन ग्रहण बघायचं होतं, आई. एक्स-रेची पट्टी आणली होती. सदऱ्याचं बटण लोंबत होतं, ते लावून मागितलं. तुम्ही आंघोळीला गेला होता. मी नको नको म्हणाले. कात्री धरायची नाही म्हणून मग दातांनी तोडला."

म्हणजे काम ह्यानं सांगितलं, सदरा ह्याचा, गच्चीवर मजा बघायला गेला हा. आणि ते तोडलेल्या दोऱ्याचं इतके महिने पोटात धरून ठेवून आज परक्या बाईपुढे बायकोवर ओकला. नाकातून दूध येणारी माझी नात मला त्या घटकेला ह्याच्यापेक्षा शंभर पटीनं स्वच्छ वाटली.

डॉक्टरीणबाईंनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं आणि माझ्यापुढे उघडलं. त्यातलं चित्र बघून मी पदर तोंडाला लावला. मटकीला मोड यावा तसं काहीतरी वाकडं, बुळबुळीत, आरपार दिसणारं. डोळे माशासारखे दोन बाजूंना, मानेवर चिरा, मागे शेपूट.

"हे काय दाखवता? बेडकाचं पिल्लू?"

"माणूस आहे अज्जी. पोटातला. महिन्याभराचा."

"ईऽऽ! आमच्या घराण्यातले सगळे असे सुरू झाले?"

"माझ्याही घराण्यातले," बाई हसल्या. "ह्याला अजून तोंडच नाही बघा. तोंड मागून पुढे येतं. गालांकडून दोन तुकडे, नाकाकडून मधला तुकडा. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलंय ना, त्या पेशी एकमेकींना निरोप देतात. कुणाला सांगतात पुढे सरक, कुणाला सांगतात वाढ, कुणाला सांगतात आता मर."

"मर? पोटातल्या लेकराला?"

"लेकराला नाही, कडेच्या कातडीला. दोन तुकडे येऊन टेकले, की मधली कातडी विरून जायला लागते. तरच आतलं मांस एक होतं. ती तशीच राहिली तर तुकडे शेजारी शेजारी राहतात, जुळत नाहीत."

मला आमचे कडबू डोळ्यांपुढे आले. कडेला दुधाचं बोट न फिरवता नुसतं दाबलं, की कढईत जाऊन उकलतात आणि सगळं सारण तेलात. मी तसं म्हटलं तर बाई म्हणाल्या, "अगदी तसंच. निरोप कमी पडला, नाहीतर उशिरा पोचला."

"मग आता पोचवा की. पालीची शेपटी तुटली तर ती घाणेरडी परत उगवते. माझ्या नातीला तेवढंही नाही?"

"पालीच्या अंगात ते निरोप मोठेपणीही सुटतात. आपल्यात नाहीत. पोटात असताना कापलं तर वणसुद्धा राहात नाही, बाहेर आल्यावर राहतो. म्हणून मला शिवावं लागणार, आणि बारीक रेघ दिसणार. आधी ओठ, काही महिन्यांनी. टाळू नंतर." मग त्या वेदश्रीकडे वळल्या. "ग्रहण लागलं तेव्हा कितवा होता?"

"चौथा."

"ओठ दुसरा महिना सरायच्या आत जुळायचा असतो, टाळू तिसऱ्यात. तू त्या दिवशी कात्री घेऊन दिवसभर बसली असतीस तरी ह्या ओठाचं काही झालं नसतं. तो आधीच असा होता."

वेदश्री रडायला लागली. बाळंतपणापासून पहिल्यांदा, आणि मोठ्यानं. मी ग्रहण पाळायचं सोडणार नाही, सांगून ठेवते. पण ग्रहणाच्या नावावर दुसऱ्याचं पाप मी खपवूनही घेणार नाही.

बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं का?"

"आमच्याकडे कुणालाच नाही," प्रभंजन ताडकन म्हणाला. "तिच्याकडे असेल."

मी म्हटलं, "मिशी वर कर."

"आई, काय हे!"

"वर कर म्हणते ना."

त्याच्या वरच्या ओठावर डावीकडे जन्मापासून एक उभी घळ आहे, तांदळाच्या दाण्याएवढी. मला कधी ती खोड वाटलीच नाही, मी त्यावर बोट फिरवून त्याला झोपवायची. मिसरूड फुटल्यावर त्यानं ती झाकली. बाईंनी बॅटरी लावून बघितलं. "हेही त्यातलंच. ह्यांचं थोडं उशिरा जुळलं, एवढंच. मुलीचं घराण्यातून आलं असेल." तो पांढरा पडला तशी बाई म्हणाल्या, "यारदू तप्पल्ल. कुणाचीच चूक नाही ह्यात."

त्या भल्या बाई. त्यांना तसं म्हणावंच लागतं.

बाहेर व्हरांड्यात आलो. वेदश्री पोरीला घेऊन बाकावर बसली. मला वाटलं होतं, आता तरी हा पोरीला हात लावील. तर हा मला खांबाआड घेऊन कुजबुजतो, "आई, माझ्या ओठाचं घरी कुणाला बोलू नकोस. आणि दोघींना मिरजेला तर पाठवायचंच. तिच्या भावाला मी फोनही केलाय."

मी आवाज खाली केला नाही. बाकावरच्या, रांगेतल्या, चिठ्ठ्या देणाऱ्या, सगळ्यांना ऐकू जाऊ दे म्हणून बोलले.

"प्रभंजन, तुझी मला किळस येते. पोरीचा ओठ पोटात राहून गेला, तो ह्या बाई शिवतील. तुझं असं मोठेपणी सडलंय, ते कोण शिवणार? बारसं आपल्या दारात होईल, मांडव घालून होईल, आणि पोरीचं तोंड उघडं असेल. मिरजेला परत फोन कर आणि सांग की ह्या दोघी येत नाहीत. आणि तुला लोकांची एवढी लाज वाटत असेल, तर बारशाच्या दिवशी तू जाऊन राहा मिरजेला."